वाचकांचे प्रश्न : बार्सिलोना पाहावे कसे?

मागील अंकात भूमध्य समुद्राकाठच्या शहरांवरील लेखात बार्सिलोनाच्या वाट्याला जेमतेम एक पान आले होते, आणि आंतोनी गौडी या वास्तुरचनाकाराच्या चार इमारतींची नावे सांगून आम्ही पुढच्या बंदराकडे निघून गेलो होतो. ते पान अपुरे होते हे आलेल्या पत्रांवरून उघड झाले. म्हणून सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि काही थोडी आटोपशीर करून हे सदर या वेळी त्या एकाच शहराला दिले आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक असून वयाची पासष्टी ओलांडली आहे. बार्सिलोनासाठी तीन दिवस राखून ठेवले आहेत. टूर कंपनीने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र एकाच दिवसात अकरा स्थळे आहेत. त्यांतली कोणती गाळावीत? (एक वाचक दांपत्य, पुणे)

उत्तर : कार्यक्रमपत्रिकेत ज्या स्थळांपुढे 'फोटो स्टॉप' असे लिहिले आहे ती आधी मोजून पाहावीत. अकरापैकी सात-आठ तरी तशी निघतील आणि ती गाळताना हळहळण्याचे कारण नाही, कारण बसमधून उतरून दहा मिनिटांत पुन्हा चढणे याला पाहणे म्हणत नाहीत. समुद्राजवळचा कोलंबसाचा साठ मीटर उंचीचा स्तंभ आणि १८८८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली विटांची विजयकमान ही दोन्ही जाता-येता दिसतातच. त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढू नये. माझ्या मते तीन दिवसांत तीनच वास्तू आतून पाहाव्यात आणि उरलेला वेळ रस्त्यांना द्यावा.

पहिली वास्तू अर्थातच साग्रादा फामीलिया हे चर्च. त्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते ऑनलाइनच काढावे लागते. ऐन हंगामात आदल्या दिवशी मिळेल या भरवशावर राहू नये. सकाळी लवकरची वेळ घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि गर्दीच्या दृष्टीने तो बरोबरही आहे, परंतु मी आपल्याला दिवस उतरतानाची वेळ सुचवीन. बार्सिलोनाच्या नव्या वस्तीतील रस्त्यांची चौकट मुख्य दिशांशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून आखलेली आहे. त्यामुळे या चर्चची एक बाजू ईशान्येकडे आणि तिच्यासमोरची नैर्ऋत्येकडे येते. ईशान्येच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत, तर नैर्ऋत्येच्या खिडक्यांना पिवळ्या, केशरी आणि तांबड्या. सकाळी आतल्या दगडावर पाण्याखाली असावा तसा प्रकाश असतो. ऊन कलू लागले की पलीकडच्या खिडक्या हळूहळू पेटतात आणि खांबांचा मूळचा करडा रंग कोणता होता हेही क्षणभर आठवत नाही. हिवाळ्यात तीन-साडेतीनचे आणि उन्हाळ्यात पाच-साडेपाचचे तिकीट घेतले, तर निळा रंग मावळताना आणि तांबडा चढताना, असे दोन्ही एका जागी बसून पाहता येईल. बसून म्हणण्याचे कारण असे की बहुतेक लोक आत आल्यावर मान वर करून फिरत राहतात. मधल्या भागाचे छत सुमारे पंचेचाळीस मीटर उंच असल्यामुळे मान दुखते आणि लक्ष उडते. मनोऱ्यावर जाण्याचे तिकीट वेगळे असते. लिफ्ट वर नेते, मात्र खाली अरुंद, गोल फिरत येणाऱ्या जिन्यानेच उतरावे लागते. गुडघे कुरकुरत असतील तर तो खर्च टाळावा.

दुसरी वास्तू गौडीने बांधलेल्या घरांपैकी एक असावी. पास्सेच दे ग्रासिया या रुंद रस्त्यावर कासा बात्यो आणि कासा मिला अशी दोन घरे आहेत. कासा बात्यो हे जुन्या घराचे १९०४ ते १९०६ या काळात केलेले नवे रूप आहे. त्याच्या आतला उजेडाचा चौक पाहण्यासारखा आहे. वरच्या मजल्यांवर गडद निळ्या फरश्या आणि लहान खिडक्या, खाली येता येता फिक्या फरश्या आणि मोठ्या खिडक्या, अशा योजनेमुळे तळमजल्यालाही वरच्याइतकाच उजेड मिळतो. तरीही एकच घर निवडायचे तर मी कासा मिला निवडीन. १९०६ ते १९१२ या काळात बांधलेल्या या इमारतीला शहरवासीयांनी हिणवून 'ला पेद्रेरा', म्हणजे दगडाची खाण, असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. तिची दगडी लाटांसारखी दर्शनी भिंत इमारतीचा भार पेलत नाही. भार आतल्या खांबांवर आणि लोखंडी तुळयांवर आहे. माळ्यावर विटांच्या दोनशे सत्तर कमानी एकापुढे एक उभ्या आहेत आणि त्यांच्यावरच ती प्रसिद्ध चढउतारांची गच्ची आहे. पावसात गच्ची बंद ठेवतात, एवढे ध्यानात असावे.

तिसऱ्या वास्तूसाठी कोल्हापूरच्या पत्राला पुढे दिलेले उत्तर पाहावे.

प्रश्न : मी बांधकाम अभियंता आहे. १८८२ साली सुरू झालेले साग्रादा फामीलियाचे काम इतकी वर्षे का चालावे? आणि झाडाच्या फांद्यांसारखे तिरपे खांब केवळ शोभेचे आहेत की खरोखर भार वाहतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पहिले कारण पैशाचे. पापक्षालनासाठी, भाविकांच्या देणग्यांतून उभारायचे मंदिर अशीच या चर्चची मूळ कल्पना होती. राजाचा किंवा सरकारचा खजिना तिच्यामागे नव्हता. देणग्या आल्या की काम चाले, आटल्या की थांबे. आज तिकिटांच्या उत्पन्नामुळे वेग वाढला आहे, म्हणजे आपल्यासारखे प्रवासीच आता देणगीदार झाले आहेत. दुसरे कारण आराखड्याचे. पहिला वास्तुरचनाकार व्हिलार याने नेहमीच्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या, धर्तीचा आराखडा केला होता. तो वर्षभरात बाजूला झाला आणि १८८३ मध्ये एकतीस वर्षांच्या गौडीकडे काम आले. त्याने तळघरातील प्रार्थनागृह पुरे केले आणि मग सगळी कल्पनाच बदलली. अठरा मनोऱ्यांच्या या चर्चचा एकच मनोरा त्याच्या हयातीत पूर्ण झाला. आपल्या आयुष्यात हे काम संपणार नाही हे ओळखूनच त्याने ते थरांनी वर न नेता एक संपूर्ण बाजू आधी उभी केली, जेणेकरून पुढच्या पिढ्यांना ते अर्ध्यावर सोडून देणे अवघड जावे. जून १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने तो गेला आणि याच चर्चच्या तळघरात त्याचे दफन झाले.

तिसरे कारण स्पेनमधील यादवी युद्धाचे. १९३६ मध्ये जमावाने तळघराला आग लावली, कार्यशाळा जाळली आणि प्लास्टरच्या प्रतिकृतींचा चुरा केला. गौडी कागदावरच्या नकाशांपेक्षा या प्रतिकृतींवरच अधिक भिस्त ठेवत असे, म्हणून हे नुकसान फार मोठे ठरले. पुढच्या लोकांनी तुकडे जुळवून मूळ आकार शोधले. ते शोधता आले याचे कारण आपल्याला आवडेल : गौडीचे वक्र पृष्ठभाग मनमानी नव्हते. सरळ रेषा ठरावीक रीतीने सरकवत नेली की जे वक्र पृष्ठ तयार होते, तशा पृष्ठांच्या छेदांतून त्याने खिडक्या, छत आणि खांब घडवले होते. त्यामुळे तुटक्या तुकड्यावरूनही सूत्र काढता येते आणि गवंड्यालाही दोरी ताणून तो आकार साधता येतो. या सगळ्यात आणखी एक गंमत अशी की बांधकाम परवान्यासाठी १८८५ मध्ये अर्ज झाला होता, पण रीतसर परवाना महापालिकेकडून मिळाला तो २०१९ मध्ये. आमच्या ठाणे-डोंबिवलीच्या वाचकांनी यावरून कोणताही बोध घेऊ नये.

खांब शोभेचे नाहीत. दाराला बांधलेले झेंडूचे तोरण डोळ्यांसमोर आणावे. दोन खिळ्यांमध्ये सैल सोडलेली माळ स्वतःच्या वजनाने जो आकार घेते, त्यात दोऱ्यावर फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून दगडात बांधला, तर त्यात फक्त दाब येतो. आणि दगड दाबाला खंबीर, ताणाला दुबळा. हे तत्त्व गौडीच्या आधीपासून ठाऊक होते, परंतु त्याने ते एका कमानीपुरते न ठेवता संपूर्ण इमारतीला लावले. बार्सिलोनाबाहेरील कोलोनिया ग्वेल या गिरणी-वसाहतीच्या चर्चसाठी त्याने छतापासून दोऱ्यांचे जाळे टांगले, जिथे जितका भार येणार तिथे त्या प्रमाणात शिशाच्या गोळ्यांच्या लहान पिशव्या बांधल्या, आणि त्या लोंबत्या आकृतीचे छायाचित्र उलटे धरून इमारत पाहिली. या प्रयोगात काही वर्षे गेली. तिथे सापडलेले उत्तर साग्रादा फामीलियात वापरलेले आहे : भाराची रेषा ज्या दिशेने खाली येते त्याच दिशेने खांब कललेला आणि वर फुटलेला असल्यामुळे, गॉथिक चर्चना बाहेरून लावावे लागणारे टेकू इथे लागले नाहीत. त्या टेकूंना गौडी कुबड्या म्हणत असे. कुठे किती भार आहे त्यानुसार खांबांचा दगडही बदलतो. सर्वाधिक भाराखाली लालसर पॉर्फिरी, मग बेसाल्ट, मग ग्रॅनाइट आणि हलक्या भाराला वालुकाश्म. आपण खांबांच्या रंगावरून भार वाचू शकाल.

अलीकडचे मनोरे मात्र जुन्या रीतीने बांधलेले नाहीत. पोलादी सळ्यांनी ताणून एकजीव केलेले दगडी फलक खाली तयार करून क्रेनने वर चढवले जातात. मधल्या, येशूच्या मनोऱ्याची आराखड्यातील उंची १७२.५ मीटर आहे. जवळच्या मोंजुइक टेकडीपेक्षा ती थोडी कमी ठेवली आहे, कारण माणसाचे काम ईश्वराच्या कामापेक्षा उंच नसावे असे गौडीचे मत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये या मनोऱ्याने जर्मनीतील उल्म येथील चर्चला मागे टाकले आणि हे जगातले सर्वांत उंच चर्च झाले.

प्रश्न : वास्तुकलेची विद्यार्थिनी या नात्याने विचारते, बार्सिलोना म्हणजे गौडी हे समीकरण कितपत खरे आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रवासी कंपन्यांच्या दृष्टीने पुरेपूर खरे, शहराच्या दृष्टीने अर्धेच. त्या काळातील कॅटलान, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कॅटलोनियाच्या, वास्तुशैलीला, जिला तिथे 'मुदर्निस्मे' म्हणतात, वैचारिक पाया देणारा माणूस गौडी नव्हे, तर लुईस दोमेनेक इ मोंतानेर होता. गौडीपेक्षा तो वयाने थोडासाच मोठा, पण वास्तुकलेच्या शाळेतला त्याचा शिक्षक. शिवाय राजकारणी, ग्रंथकार आणि इतिहासाचा अभ्यासक. गौडीला पाहून लोक थक्क होतात. दोमेनेककडून मात्र शिकता येते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्याच्या दोन इमारती पाहाव्यात. पालाउ दे ला मूझिका हे संगीतगृह १९०५ ते १९०८ या तीन वर्षांत एका गायनमंडळासाठी बांधले गेले. जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांत मिळालेली अडचणीची जागा, तिथे दोमेनेकने लोखंडी सांगाडा उभा केला, त्यामुळे भिंतींना भार उचलण्याचे काम उरले नाही आणि त्या जवळजवळ संपूर्ण काचेच्या करता आल्या. छताच्या मधोमध रंगीत काचेचा, खाली लोंबणारा उलटा घुमट आहे, जणू वरून मधाचा मोठा थेंब गळायच्या बेतात आहे. दुपारी तिथे दिव्याशिवाय मैफल होऊ शकते. पुण्याच्या दांपत्याने तिसरी वास्तू म्हणून हीच निवडावी, आणि मार्गदर्शकासह फेरी मारण्याऐवजी एखाद्या कार्यक्रमाचे साधे तिकीट काढता आले तर अधिक चांगले.

दुसरी इमारत म्हणजे सान पाउ रुग्णालय. एका बँकरने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून १९०२ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि दोमेनेकच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने १९३० मध्ये ते संपवले. एकच अवाढव्य इमारत न बांधता बागेत सुटे मंडप, प्रत्येक मंडपात भरपूर ऊन आणि वारा, आणि रुग्णांना व सामानाला नेण्यासाठी जमिनीखालून जोडणारे बोगदे, अशी ही रचना. शहराच्या चौकटीशी पंचेचाळीस अंशांत वळवून दोमेनेकने सगळे आवार दक्षिणोत्तर लावले, हे नकाशावर पाहिले की लगेच लक्षात येते. फुलांच्या फरश्या आणि देवदूतांचे पुतळे इथे शोभेसाठी नाहीत; आजारी माणसाच्या नजरेला काहीतरी सुंदर मिळाले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. २००९ पर्यंत इथे रुग्ण होते. आता ते शेजारच्या नव्या इमारतीत आहेत आणि जुने आवार पाहता येते. साग्रादा फामीलियापासून निघणारा गौडीच्याच नावाचा तिरपा रस्ता थेट या रुग्णालयाच्या दाराशी संपतो. चर्चसमोर हजारोंची रांग असते. पंधरा मिनिटे चाललात की इथे निवांतपणा मिळतो.

तिसरे नाव जुझेप पुच इ कादाफाल्क याचे. पास्सेच दे ग्रासियावर कासा बात्योच्या भिंतीला भिंत लावून त्याने एका चॉकलेट कारखानदारासाठी बांधलेले कासा आमात्येर आहे, आणि त्याच ओळीत कोपऱ्यावर दोमेनेकचे कासा य्येओ मोरेरा. तिघा प्रतिस्पर्ध्यांची घरे एकाच चौकोनात आल्यामुळे लोकांनी त्या ओळीला 'मान्साना दे ला दिस्कोर्दिया' असे नाव ठेवले. स्पॅनिश भाषेत 'मान्साना' म्हणजे सफरचंद आणि घरांचा चौकोनही. तेव्हा ग्रीक पुराणातले कलहाचे सफरचंद आणि भांडणारी घरे असा तो श्लेष आहे. समोरच्या पदपथावर उभे राहून ही तिन्ही घरे फुकट पाहता येतात, आणि तुलनेसाठी याहून चांगली जागा नाही.

शहराच्या चौकटीचा उल्लेख वर दोनदा आला, म्हणून तिच्या कर्त्याविषयी थोडे. १८५४ मध्ये कोंदटलेल्या शहराचा तट पाडायला सुरुवात झाली. (मुंबईच्या कोटाच्या भिंती पडल्या त्या यानंतर दहाएक वर्षांत.) बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये नव्या वस्तीची आखणी केली. शहराला दुसऱ्याच माणसाची योजना हवी होती. माद्रिदच्या केंद्र सरकारने सेर्दाची लादली. सुमारे ११३ मीटर बाजूचे चौकोन, त्यांचे चारही कोपरे तिरपे कापलेले आणि रस्ते वीस मीटर रुंद. प्रत्येक चौकोनाच्या दोनच बाजूंना घरे आणि मधे बाग, असे त्याच्या मनात होते. जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या आणि बागाही गिळल्या. कोपऱ्यावरच्या कासा मिलाला जो मोकळा चौक आणि दुरून पाहण्याचे अंतर मिळाले आहे, ते या कापलेल्या कोपऱ्यांचे देणे आहे.

प्रश्न : बार्सिलोनातील 'गॉथिक वस्ती' मध्ययुगीन नसून प्रवाशांसाठी रचलेली आहे, असे ऐकले. मग ती पाहावी का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ऐकलेले अर्धे खरे आहे. मुख्य कॅथेड्रलचा गाभा तेराव्या ते पंधराव्या शतकांतला आहे, पण ज्या दर्शनी बाजूसमोर सगळे छायाचित्र काढतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका बँकरच्या पैशाने उभी राहिली. शेजारच्या बिस्बे गल्लीवरचा नक्षीदार दगडी पूल १९२८ चा, म्हणजे आपल्या गेटवे ऑफ इंडियापेक्षाही नवा. विसाव्या शतकाच्या आरंभी बंदराकडे जाणारा व्हिया लायेताना हा रुंद रस्ता काढताना शेकडो जुनी घरे पाडली गेली. त्यांतली काही दगडन्‌दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा बांधली. म्हणून दगड जुना, जागा नवी, असा प्रकार तिथे पावलोपावली आढळतो.

म्हणून पाहू नये असे मात्र नाही. असेच हलवलेले एक घर प्लासा देल रेय या चौकात शहराच्या इतिहास संग्रहालयाचे प्रवेशद्वार झाले आहे, आणि ते नव्या जागी बांधताना पाया खणला तेव्हा खाली रोमन बार्सिनो नगर सापडले. आज आपण लिफ्टने दोन हजार वर्षे खाली उतरून रस्ते, कपडे रंगवण्याचे हौद आणि मद्य करण्याची जागा पाहू शकतो. जवळच पारादीस नावाच्या गल्लीत, एका साध्या इमारतीच्या अंगणात, सम्राट ऑगस्टसच्या मंदिराचे नऊ मीटर उंचीचे चार खांब उभे आहेत. दारावरून शंभर लोक पुढे निघून जातात, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

सान फेलीप नेरी हा लहान चौक चुकवू नये. तिथल्या चर्चच्या भिंतीवर खोल खड्डे आहेत. यादवी युद्धात, जानेवारी १९३८ मध्ये, बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूच्या विमानांनी टाकलेल्या बाँबमुळे तिथे बेचाळीस जण मेले, त्यांत बहुतांश मुले होती. खड्डे बुजवलेले नाहीत. ट्रामची धडक बसली त्या संध्याकाळी गौडी याच चर्चकडे चालत निघाला होता. साध्या, जुनाट कपड्यांमुळे त्याला भिकारी समजले गेले आणि गरिबांच्या जुन्या सांता क्रेऊ रुग्णालयात ठेवले गेले; तिथेच तीन दिवसांनी तो वारला. त्या रुग्णालयाच्या पंधराव्या शतकातील दालनांत आता कॅटलोनियाचे ग्रंथालय आहे.

प्रश्न : जुन्या गोव्यातील चर्चची सोनेरी वेदी पाहण्याची आम्हाला लहानपणापासून सवय आहे. बार्सिलोनातील सांता मारिया देल मार हे चर्च इतके ओकेबोके का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ते तसे नेहमीच नव्हते. गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये दिसते तशी बरोक काळातील मोठी वेदी आणि लाकडी सामान इथेही होते. १९३६ च्या जुलैमध्ये लावलेल्या आगीत, जी अकरा दिवस धुमसत होती, ते सगळे गेले. उरले ते चौदाव्या शतकातील मूळ बांधकाम. आगीचे समर्थन कोणी करणार नाही, परंतु तिच्यामुळे जे उघडे पडले ते या शहरातले सर्वांत निर्दोष काम आहे, असे माझे मत आहे. बारीक अष्टकोनी खांब एकमेकांपासून तब्बल तेरा मीटरांवर आहेत आणि बाजूची दालनेही जवळजवळ मधल्याइतकीच उंच. त्यामुळे आत शिरल्यावर बोगद्यात नव्हे, तर मंडपात आल्यासारखे वाटते. १३२९ ते १३८३ अशा अवघ्या चोपन्न वर्षांत ते पूर्ण झाल्याने एकाच हातचे वाटते. बंदरावरच्या हमालांनी मोंजुइकच्या खाणीतून पाठीवर दगड वाहून आणले, म्हणून मुख्य दारावर ओझे वाहणाऱ्या हमालांच्या धातूच्या लहान आकृती बसवलेल्या आहेत. सेंट झेवियरच्या दर्शनाला जाणाऱ्या गोवेकरांनी त्या दारावर जरूर शोधाव्यात.

प्रश्न : पार्क ग्वेलसाठी टेकडी चढण्याचे कष्ट घ्यावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फरशांच्या तुकड्यांची नागमोडी बैठक पाहायची एवढाच हेतू असेल तर नाही; तिथे गर्दी फार असते. गौडीचा हा बगीचा मुळात श्रीमंतांसाठी आखलेला साठ भूखंडांचा गृहप्रकल्प होता. १९०० ते १९१४ या काळात काम चालले, घरे दोनच झाली आणि प्रकल्प बुडाला. ज्या खांबांच्या दालनात बाजार भरणार होता त्याच्या डोक्यावर ही बैठक आहे, आणि खरी करामत तिच्या पायाखाली आहे : मैदानावर पडणारे पावसाचे पाणी मुरून दालनाच्या पोकळ खांबांतून खालच्या टाकीत उतरते. बैठकीवरच्या तुकडेकामाला कॅटलान भाषेत 'त्रेन्कादीस' म्हणतात. गच्ची गळू नये म्हणून आपल्याकडे जे चायना मोझॅक करतात ते तेच, फक्त गौडीच्या मदतनिसांचा रंगांचा डोळा अलौकिक होता. वर जायचे ठरवल्यास पहिल्या वेळेचे तिकीट घ्यावे.

प्रश्न : प्रवाशांविरुद्ध तिथे निदर्शने झाल्याचे वाचले. आम्ही जावे की न जावे? (एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : जावे. २०२४ च्या उन्हाळ्यात निदर्शकांनी खाणावळींत बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, ही बातमी खरी आहे, पण रोष माणसांपेक्षा घरभाड्यांवर आहे. प्रवाशांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांमुळे स्थानिकांना घर परवडत नाही, अशी तक्रार असून, अशा सुमारे दहा हजार घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद करण्याचे महापालिकेने जाहीर केले आहे. तेव्हा भाड्याच्या घराऐवजी हॉटेलात उतरावे, आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कॅमेरा खाली ठेवावा.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांचा यंत्रमागाचा धंदा आहे. इतक्या खर्चिक इमारती बांधायला या शहराकडे पैसा आला कुठून, हे तुमच्या लेखात नव्हते. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : हा प्रश्न सर्वांत आधी घ्यायला हवा होता. पैसा मुख्यतः सुताकापडातून आला, आणि त्याची सुरुवात आपल्यापासून झाली. सतराव्या-अठराव्या शतकांत भारतातले छापील सुती कापड युरोपात इतके लोकप्रिय झाले की स्पेनच्या राजाने त्याच्या आयातीवर बंदी घातली. मागणी मात्र राहिलीच. तेव्हा १७३० च्या दशकात बार्सिलोनातील व्यापाऱ्यांनी तसे कापड घरीच छापायचे कारखाने काढले, आणि त्या कापडाला कॅटलान भाषेत नाव पडले 'इंदियानेस'. जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांत असे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले, पुढे वाफेची यंत्रे आली आणि एकोणिसाव्या शतकात बार्सिलोना हे स्पेनचे गिरणगाव झाले. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, कापूस मिळेनासा झाला तेव्हा बार्सिलोनातल्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांची उपासमार झाली. त्याच वर्षांत मुंबईचे कापूस व्यापारी गब्बर होत होते आणि त्यांतल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. दोन बंदरांवर एकाच युद्धाचे असे उलटसुलट परिणाम झाले.

सगळा पैसा मागावर विणलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गौडीचा मोठा आश्रयदाता एउसेबी ग्वेल याच्या वडिलांनी क्यूबात संपत्ती मिळवून मग बार्सिलोनात कापडगिरणी काढली होती, आणि त्याचे सासरे आंतोनियो लोपेस यांच्या संपत्तीवर गुलामांच्या व्यापाराचा डाग होता. लोपेस यांचा पुतळा २०१८ मध्ये महापालिकेने काढून टाकला. गौडीने ग्वेलसाठी बांधलेल्या पालाउ ग्वेल या वाड्याचे दिमाखदार जिने चढताना ही बाजू माहीत असलेली बरी.

आपल्याला मी एकच जागा सुचवीन, जी सहलींच्या यादीत सहसा नसते. नाशिकच्या उत्तरात जिचा उल्लेख आला ती कोलोनिया ग्वेल ही ग्वेलची १८९० नंतर शहराबाहेर वसवलेली गिरणी-वसाहत. प्लासा एस्पान्या स्थानकावरून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचता येते. कामगारांची विटांची घरे, शाळा आणि गिरणीच्या इमारती अजून उभ्या आहेत. चर्चचे वरचे मजले कधी झालेच नाहीत. १९१४ मध्ये काम थांबले तेव्हा फक्त तळघर तयार होते. ओबडधोबड बेसाल्टचे तिरपे खांब, दोऱ्यांच्या त्या टांगत्या जाळ्यातून उमटलेल्या विटांच्या कमानी आणि फुलपाखरासारखे उघडणारे रंगीत काचांचे झरोके, असे ते तळघर आहे. झरोक्यांच्या बाहेरील जाळ्या जरा वाकून पाहाव्यात. ग्वेलच्या गिरणीतल्या मागांच्या टाकाऊ सुया जोडून गौडीने त्या केल्या आहेत.